आधी कसबा, मग रोम: आर्किटेक्चरच्या परदेशी सत्राची सविस्तर तयारी

परदेशातल्या जुन्या शहरात सत्रभर राहून आलेल्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपमध्ये हजारो फोटो असतात. पण 'तिथल्या एका इमारतीचा सेक्शन (उभा छेद) काढून दाखव' म्हटलं की तो अडतो. दर शनिवार-रविवारी स्वस्त विमानानं नवं शहर गाठलेलं असतं आणि कुठेच दोन तास बैठक मारलेली नसते. आमचा सल्ला पहिल्यापासून एकच आहे: एक शहर धरा, त्यातल्या दोन-तीन इमारती मोजा, आणि मोजायचा हात पुण्यात असतानाच बसवून घ्या. व्हिसा, क्रेडिट, सामान ही बाकीची तयारी हे काम करायला मोकळा वेळ मिळावा म्हणून करायची.

कोणत्या वाटेनं जायचं

वाटा मुख्यतः तीन. पहिली, बी.आर्क.च्या चौथ्या किंवा पाचव्या वर्षात एका सत्राचं एक्स्चेंज. त्यासाठी तुमच्या कॉलेजचा तिकडच्या विद्यापीठाशी करार लागतो आणि कॉलेजनंच तुमचं नाव पाठवावं लागतं. दुसरी, दोन ते सहा आठवड्यांचं समर स्कूल. इथे थेट अर्ज करता येतो, पण पैसे बहुतेक वेळा खिशातून जातात. तिसरी वाट बी.आर्क.नंतरच्या मास्टर्सची.

जतन आणि संवर्धनात रस असेल तर तिसऱ्या वाटेवर दोन ठिकाणं आधी पाहा. बेल्जियममधल्या लूव्हेनचं रेमंड लमेर केंद्र १९७६ साली ब्रूजमध्ये सुरू झालं आणि नंतर लूव्हेनला आलं. दुसरा ऐतिहासिक बांधकामांच्या संरचनेवरचा 'एसएएचसी' हा अभ्यासक्रम, जो पोर्तुगालचं मिन्यो, प्राग, पादुआ आणि बार्सिलोना इथली विद्यापीठं मिळून चालवतात. त्यात गणित भरपूर आहे. स्ट्रक्चर्सचा विषय एटीकेटीत कसाबसा सोडवला असेल तर पुन्हा विचार करा.

पूर्ण पदवीच परदेशात घ्यायचा बेत असेल तर प्रवेशाआधी वास्तुकला परिषदेकडे लेखी विचारणा करा. भारतात 'आर्किटेक्ट' म्हणून काम करायला १९७२ च्या कायद्याखाली परिषदेची नोंदणी लागते. तिकडची प्रत्येक पदवी इथे आपोआप चालत नाही. एक्स्चेंजमध्ये पदवी इथलीच राहते, त्यामुळे ही अडचण येत नाही.

खाली बहुतेक तपशील एका सत्राच्या एक्स्चेंजचे आणि इटलीचे दिले आहेत. दुसऱ्या देशात कागदांची नावं बदलतील, क्रम साधारण तोच राहील.

शहर प्रश्नावरून निवडा

'युरोप बघायचा आहे' एवढ्यावर अर्ज केला की मोटिव्हेशन लेटर पर्यटन कंपनीच्या पत्रकासारखं होतं. तुमच्या हातातला प्रश्न काय, ते आधी ठरवा.

वाड्यांच्या लाकडी सांगाड्यात रस असेल तर लिस्बन बघा. १७५५ च्या भूकंपानंतर तिथल्या बायशा भागात दगडी भिंतींच्या आत लाकडाचे तिरपे आडणे घालून पिंजरा बांधायची पद्धत आली. त्याला 'गायोला' म्हणतात. आपल्या वाड्यातले खांब, तुळया आणि त्यामधल्या विटा ज्यानं मोजल्या आहेत, त्याला भूकंपाच्या धक्क्याला पिंजरा कसा उत्तर देतो हे चटकन कळतं. जुन्या इमारतीत नवं काम कसं घालायचं हा प्रश्न असेल तर इटलीतली दोन संग्रहालयं बघा, व्हेरोनाचं कास्तेलवेक्क्यो आणि व्हेनिसचं क्वेरीनी स्ताम्पालिया. दोन्हीकडे कार्लो स्कार्पा या इटालियन वास्तुविशारदाचं काम आहे, आणि नवं कुठे संपतं, जुनं कुठे सुरू होतं, हे त्यानं प्रत्येक सांध्यात उघडं ठेवलं आहे. इंग्रजीच हवी असेल तर एडिनबरा: एका बाजूला मध्ययुगीन गल्ल्या, दुसऱ्या बाजूला जेम्स क्रेगच्या १७६७ च्या आराखड्यातलं न्यू टाउन.

आणि एकावर एक थर चढलेलं शहर वाचायचं असेल तर रोम. ते कधी संपत नाही, म्हणून तिथे जाताना प्रश्न जास्तच लहान करून न्या.

क्रेडिटचं गणित

सर्वांत जास्त नुकसान होतं ते इथे. युरोपात सत्राला ३० ईसीटीएस (तिकडचं क्रेडिटचं एकक) धरतात, आणि एका ईसीटीएसमागे घरच्या अभ्यासासह २५ ते ३० तासांचं काम अपेक्षित असतं. आपल्याकडे क्रेडिट मुख्यतः वर्गातल्या तासांवर मोजतात. त्यामुळे तिकडचे १२ म्हणजे इकडचे १२ असं समजू नका. दोन्हीकडच्या सिलॅबसचे कागद शेजारी ठेवून विषयाला विषय जुळवा आणि जुळणी लर्निंग ॲग्रीमेंटमध्ये लिहून घ्या. त्यावर तुमची, तुमच्या कॉलेजची आणि तिकडच्या विद्यापीठाची अशा तीन सह्या असतात. 'आल्यावर बघू' असं तोंडी आश्वासन मिळालं तर ते कितीही प्रेमानं दिलेलं असो, त्यावर तिकीट काढू नका. परत येईपर्यंत समन्वयक बदललेले असू शकतात.

जुळणी करताना डिझाइन स्टुडिओ आधी जुळवा. इस्टिमेशन, प्रोफेशनल प्रॅक्टिससारखे इथल्या नियमांवर चालणारे विषय तिकडे मिळणारच नाहीत. ते कधी आणि कसे पूर्ण करायचे हे जाण्याआधी लेखी ठरवा. काही जण प्रॅक्टिकल ट्रेनिंगच्या सत्रात एक्स्चेंज बसवायला बघतात. ट्रेनिंगचे नियम वेगळे असल्यानं ते बहुधा बसत नाही.

इंग्रजीतले विषय इटलीत बऱ्याच ठिकाणी मास्टर्सच्या पातळीवर असतात, पदवीचे वर्ग इटालियनमध्ये. आपल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मास्टर्सच्या पहिल्या वर्षाचे विषय घेता येतात का, हे अर्ज करतानाच विचारा.

तारखांचा सापळा वेगळाच आहे. इटलीत पहिल्या सत्राचे वर्ग सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत चालतात, परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत होतात. नाताळच्या आधीचं परतीचं तिकीट काढणारा विद्यार्थी स्टुडिओ पूर्ण करतो आणि क्रेडिट मात्र गमावतो. फेब्रुवारीपर्यंत थांबलात तर पुण्यातलं पुढचं सत्र सुरू झालेलं असतं. त्यामुळे दोन गोष्टी आधीच मागून ठेवा: तिकडच्या प्राध्यापकांकडून डिसेंबरमधल्या परीक्षेची सोय, किंवा इथल्या प्राचार्यांकडून उशिरा रुजू व्हायची लेखी परवानगी.

कागदपत्रं: नावापासून सुरुवात

सप्टेंबरच्या सत्रासाठी आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून हलायला लागा. दिवाळीच्या सुट्टीत पोर्टफोलिओ, जानेवारी ते मार्च कॉलेजकडून नामांकन आणि तिकडचा अर्ज, स्वीकृतीपत्र आलं की लगेच व्हिसाची अपॉइंटमेंट. मे-जूनमध्ये अपॉइंटमेंट मिळणं अवघड होतं, कारण त्याच वेळी सगळे पर्यटक रांगेत असतात.

पोर्टफोलिओबद्दल थोडक्यात: २० ते २५ पानं, ए४ आडवं, पीडीएफ १० एमबीच्या आत. तीन प्रकल्प पुरतात. चकचकीत रेंडरपेक्षा हातानं मोजून काढलेलं एक मेजर्ड ड्रॉइंग जास्त बोलतं, आणि ते पुण्याचं असेल तर आणखीच. कोपनहेगनची लायब्ररी डिझाइन करणारे अर्जदार त्यांच्याकडे ढिगानं असतात.

मराठी घरांतली नेहमीची अडचण नावाची. मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि कधी शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. दहावीच्या प्रमाणपत्रात स्पेलिंग एक, बारावीच्या दुसरंच. व्हिसा अधिकाऱ्याला हे दोन वेगळे लोक वाटू शकतात. कॉलेजच्या लेटरहेडवर नावाची दोन्ही रूपं एकाच व्यक्तीची असल्याचं बोनाफाईड घ्या आणि नोटरीसमोर तशाच अर्थाचं प्रतिज्ञापत्र करा. विमानाचं तिकीट, विमा, वसतिगृहाचा अर्ज सगळीकडे फक्त पासपोर्टवरचं नाव, अक्षरही न बदलता.

मार्कशीटला अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरावा म्हणून मिळणारा शिक्का) लागणार असेल तर आधी राज्य पातळीवरचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल असा क्रम असतो. भारत अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ पासून आहे. जपून राहावं म्हणून घरच्यांनी मार्कशीट लॅमिनेट केली असेल तर त्यावर शिक्का बसत नाही. दुय्यम प्रत काढावी लागते आणि त्यात आठवडे जातात. म्हणून हे डिसेंबरातच तपासा.

९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं म्हणजे शेंगेन (युरोपातल्या अनेक देशांचा सामाईक) पर्यटक व्हिसा चालत नाही. त्या देशाचा राष्ट्रीय, म्हणजे 'डी' प्रकारचा अभ्यास व्हिसा लागतो. छोट्या समर स्कूलसाठी 'सी' प्रकार पुरतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा असते. इटलीच्या बाबतीत महाराष्ट्राचा कारभार मुंबईच्या कौन्सुलेटकडे आहे. अभ्यास व्हिसासाठी 'युनिव्हर्सइटाली' या सरकारी पोर्टलवर आधी नोंदणी करावी लागते. एक्स्चेंजवाल्यांना ती लागते का, हे विद्यापीठाला ईमेलनं विचारा आणि उत्तराची प्रिंट फाइलमध्ये लावा.

बँक स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आधी आठ दिवस अचानक मोठी रक्कम आली की शंका घेतात. आत्याने किंवा काकांनी मदत केली असेल तर त्यांचं पत्र, नात्याचा पुरावा आणि त्यांचे आयकर विवरणपत्राचे कागद जोडा. उघड सांगितलेल्या मदतीची अडचण होत नाही.

इटलीत उतरल्यावर कामाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे 'पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो'चा अर्ज करायचा. पोस्टातून किट मिळतं, ते भरून तिथेच द्यायचं, पावती सांभाळायची. कार्ड यायला महिने लागतात. व्हिसा संपला आहे आणि कार्ड हातात नाही, अशा स्थितीत नुसत्या पावतीवर दुसऱ्या शेंगेन देशात जाता येत नाही. म्हणून परतीचं तिकीट फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलणारं घेऊ नका. भाडेकरारासाठी 'कोदिचे फिस्काले' हा कर क्रमांक मागतात, तो पहिल्याच आठवड्यात काढा. आणि खोली स्वतः किंवा ओळखीच्या कोणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नका. फोटोत सुंदर दिसणाऱ्या, बाजारभावापेक्षा स्वस्त, 'मालक सध्या परदेशात आहेत' अशा खोल्या बहुतेक अस्तित्वातच नसतात.

कसब्यातला सराव

निघण्याआधी एक वाडा पूर्ण मोजा. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांत अजून मोजण्याजोगे वाडे उभे आहेत. ओस पडलेला वाडा निवडू नका. कुजलेल्या कड्यांवरची जमीन पाय टाकेपर्यंत शाबूत दिसते. लोक राहत असलेला, एका चौकाचा, दोन मजली वाडा सरावाला योग्य.

टेप बाहेर काढला की पहिला प्रश्न येणार, "बिल्डरकडून आलात का?" मालक-भाडेकरू वाद कोर्टात चालू असतो, आणि मोजमाप घेणारा कोणीही संशयित असतो. कॉलेजचं मराठीतलं पत्र न्या, पहिल्या दिवशी टेप न नेता नुसतं भेटून या, मालकांशी बोला तसं भाडेकरूंशीही बोला. देवघर आणि माजघरात विचारल्याशिवाय पाऊल नको. काम झालं की ड्रॉइंगची एक प्रत त्यांना द्या. पुढच्या बॅचला तेच दार उघडं राहतं.

तिघांचा गट हवा: एकानं टेपचं शून्याचं टोक धरायचं, दुसऱ्यानं वाचायचं, तिसऱ्यानं लिहायचं. लिहिणाऱ्यानं आकडा मोठ्यानं परत म्हणायचा. 'एकसष्ट' आणि 'एकोणसाठ' यांची गफलत गडबडीत नक्की होते.

काहीही मोजण्याआधी ए३ कागदावर हातानं प्लॅन काढा. प्रमाणात नसला तरी चालेल, पण प्रत्येक दार, कोनाडा, खांब आणि पायरी त्यात हवी, आणि भिंती दुहेरी रेषेत. एका खोलीला एक पान द्या. लहान कागदावर आकडे कोंबले की संध्याकाळी तुम्हालाच वाचता येत नाहीत.

मग पातळी. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप घ्या, पाण्यात बुडबुडा राहू देऊ नका, आणि वाचताना दोन्ही टोकांवरचे अंगठे काढा. अंगठा दाबलेला असला तर पाणी खोटं सांगतं. सोप्याच्या जमिनीपासून १ मीटर उंचीवर एक काल्पनिक रेषा धरून ती सगळ्या खोल्यांत न्या. आता प्रत्येक जमीन, उंबरा, तुळईचा तळ याच रेषेपासून वर किंवा खाली मोजायचा. जुन्या घरात जमिनीपासून उंची मोजली तर जमिनीचाच उतार मापात शिरतो.

लांबी मोजताना भिंतीच्या एका कोपऱ्याला शून्य ठेवा आणि टेप न हलवता पुढची सगळी मापं सलग वाचा: ०.६२, १.५४, २.१०. प्रत्येक दार-खिडकी वेगळी मोजून बेरीज केली तर चुका साठतात. २४ मापांत प्रत्येकी ३ मिलिमीटरची चूक एकाच बाजूला गेली की भिंत ७ सेंटिमीटरनं लांब होते.

कर्ण विसरू नका. खोली ४.२० बाय ३.६० मीटर असेल आणि कोपरे काटकोनात असतील तर कर्ण ५.५३ यायला हवा. टेपनं ५.६१ दाखवला तर खोली काटकोनात नाही. अशा वेळी चारही भिंती आणि दोन्ही कर्ण घेऊन त्रिकोणांनी आराखडा बसवायचा. गुण्या लावून 'साधारण नव्वद आहे' म्हणणाऱ्यांचे प्लॅन शेवटच्या खोलीपाशी बंदच होत नाहीत. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोजा, पण गिलाव्याची जाडी लक्षात ठेवा. दोन्ही बाजूंना मिळून ४-५ सेंटिमीटर सहज असतो.

लेसर मीटर वापरा, पण त्याच्या तीन खोड्या ओळखून. एक, माप यंत्राच्या मागच्या कडेपासून घ्यायचं की पुढच्या, ही सेटिंग. ती चुकली की प्रत्येक मापात यंत्राच्या लांबीएवढी, १०-१२ सेंटिमीटरची चूक होते, आणि सगळी मापं सारखीच चुकल्यानं ती लक्षातही येत नाही. दोन, उन्हात लाल ठिपका दिसत नाही. चौकात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी मोजा. तीन, यंत्र तिरपं धरणं. ६ मीटर अंतरावर ठिपका ३० सेंटिमीटर वर पडला तर माप साडेसात मिलिमीटरनं वाढतं. म्हणजे प्लॅनला चालेल, दाराच्या तपशिलाला नाही.

सेक्शनची रेषा मोजायला लागण्याआधी ठरवा. वाड्यात ती चौकातून, जिन्यातून आणि माजघरातून जायला हवी. खांबाचा तळखडा, खांब, तुळई, कडी, वरची जमीन अशा क्रमानं उंच्या घ्या. खांब ओळंब्यात आहे का तेही बघा. ओळंबा दोन कुशींवर लावला तर झुकण्याची दिशा कळते. दोन खांबांमधलं अंतर, म्हणजे खण, सगळीकडे लिहून घ्या. इंच-सेंटिमीटरमध्ये वेडेवाकडे दिसणारे आकडे खणांत मांडले की घराची रचना एकदम उलगडते.

त्याच संध्याकाळी १:५० मध्ये कागदावर उतरवा. दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक उरला तर उद्या परत जा. पुण्यात लक्ष्मी रोड ओलांडला की झालं. रोममध्ये तेवढ्यासाठी पुन्हा तिकीट आणि परवानगी काढावी लागेल.

बॅगेत काय

१५० जीएसएमच्या आसपासच्या कागदाची ए५ स्केचबुकं दोन, ए३ पॅड तिकडे घ्या. ०.१, ०.३, ०.५ चे फाइनलायनर, एचबी आणि २बी पेन्सिली, ५ मीटरचा टेप, लेसर मीटर, ओळंबा, दोरी. पेन्सिली जास्त न्या, कारण अनेक संग्रहालयांत शाईचं पेन बाहेर काढू देत नाहीत. कटर आणि ब्लेड चेक-इन बॅगेत, पॉवर बँक केबिनमध्ये. फाउंटन पेन विमानात पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं ठेवा. अर्धं भरलेलं पेन हवेच्या दाबानं गळतं. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, पिना वेगळ्या, तेव्हा अ‍ॅडॉप्टर पुरतो. मॉडेलचं सामान तिकडेच घ्या.

बूट मात्र इथून घालून मऊ झालेले न्या. रोमच्या रस्त्यांवर 'साम्पिएत्रीनी' नावाचे लाव्हाच्या काळ्या दगडाचे छोटे ठोकळे आहेत. दख्खनच्या बसाल्टवर वाढलेल्या पायांना दगड ओळखीचा वाटेल, पण पावसात ते फार निसरडे होतात.

तिथले पहिले पंधरा दिवस

जांबातिस्ता नोल्ली या नकाशाकारानं १७४८ साली रोमचा नकाशा तांब्याच्या १२ पत्र्यांवरून छापला. त्यात घरं काळी आहेत, रस्ते आणि चौक पांढरे. त्यानं चर्चचं अंतरंग, ओवऱ्या आणि अंगणंसुद्धा पांढरीच ठेवली आहेत, कारण तिथे कोणालाही शिरता यायचं. हाच पहिला स्वाध्याय करा. कांपो दे' फिओरी ते पियात्सा नावोना असा ४०० बाय ४०० मीटरचा तुकडा १:१००० मध्ये छापा, म्हणजे ४० सेंटिमीटरचा चौरस होतो. आठवडाभर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी फिरा आणि जे दार उघडं मिळेल ते पांढरं करा. सकाळचा आणि रात्रीचा असे दोन नकाशे होतील. हाच खेळ जाण्याआधी कसब्यात खेळा. बोळ, देवळांची आवारं, तालमी, वाड्यांचे उघडे दिंडी दरवाजे पांढरे करा. दोन्ही नकाशे शेजारी लावले की ज्युरीत (परीक्षकांपुढच्या सादरीकरणात) बोलायला बराच विषय मिळतो.

त्याच तुकड्यात व्हिया दी ग्रोत्ता पिन्ता नावाची वाकडी गल्ली आहे. ती वाकडी आहे कारण घरं रोमन सेनापती पॉम्पेच्या इ.स.पू. ५५ च्या नाट्यगृहाच्या बैठकींच्या वळणावर उभी आहेत. आणि पियात्सा नावोना लांबट आहे कारण ते रोमन सम्राट डोमिशियनचं क्रीडांगण होतं. प्लॅनमध्ये कारण नसताना वळलेली भिंत दिसली की खाली काय आहे ते शोधायचं, ही सवय इथे लागते.

सेक्शनसाठी सान क्लेमेंते चर्च घ्या. वर बाराव्या शतकातलं बॅसिलिका, त्याखाली चौथ्या शतकातलं, त्याखाली पहिल्या शतकातल्या इमारती आणि मिथ्राचं देवस्थान. तीनही पातळ्या एकाच सेक्शनमध्ये आणायच्या. इथे टेप लावू देणार नाहीत, तेव्हा पायऱ्या मोजा: एका पायरीची उंची पाहून घ्या, पायऱ्यांची संख्या लिहा, गुणाकार करा. कसब्यात ज्यांचा अंदाज तयार झाला आहे त्यांचा हा सेक्शन बऱ्यापैकी जमतो.

मापांचं एकक ओळखायला शिका. रोमन फूट सुमारे २९.६ सेंटिमीटर. फ्लोरेन्सचा ब्राच्चो सुमारे ५८.४. फ्लोरेन्सला वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीच्या 'ओस्पेदाले देल्यी इन्नोचेंती' या अनाथालयाच्या ओवरीतला एक खण साधारण १० ब्राच्चोंचा, आणि खांबाची उंचीही जवळपास तेवढीच. मीटरमध्ये हे ५.८४ असं निरर्थक दिसतं. वाड्याचा खण ज्यानं मोजला, तो लगेच भागाकार करतो.

उन्हाचा अंदाज पुण्याचा नेऊ नका. २१-२२ डिसेंबरला दुपारी रोममध्ये सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंशांवर असतो, पुण्यात ४८ वर. १५ मीटर उंच इमारतीची सावली पुण्यात साडेतेरा मीटर, रोममध्ये जवळजवळ ३३ मीटर पडते. स्टुडिओत जुन्या गल्लीत अंगण ठेवून 'इथे लोक उन्हात बसतील' असं लिहिलंत तर तिकडचे प्राध्यापक पहिल्याच रिव्ह्यूत ते खोडतील. आपला हात सावली मिळवण्यात तयार झालेला असतो. तिथे ऊन कसं मिळवायचं तो प्रश्न असतो. डिसेंबरात पावणेपाचच्या आत अंधारतं, त्यामुळे बाहेरचं मोजमाप ऑक्टोबरातच संपवा.

रोजचे नियम थोडे. बरीच चर्च दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होऊन तीन-चारला उघडतात, तर अनेक संग्रहालयं सोमवारी बंद. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. ट्रायपॉड आणि ड्रोन विचारल्याशिवाय नाही. जुन्या भिंतीला खडू, चिकटपट्टी काहीही लावायचं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, पण त्या गर्दीत स्केच होत नाही, तो दिवस नुसतं बघायला ठेवा. रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, दंड होतो. घडीचं स्टूल न्या आणि समोरच्या बाजूला बसा. कागदी तिकीट बस किंवा लोकल गाडीत मशीनवर छापून घेतलं नाही तर ते असूनही दंड भरावा लागतो. पाण्याची बाटली मात्र विकत घेऊ नका, रस्त्यातल्या नळांचं पाणी पिण्याचंच असतं.

स्टुडिओ, परीक्षा आणि निघताना

तिकडे स्टुडिओत बहुतेक काम तीन-चार जणांच्या गटात होतं. रिव्ह्यूला प्रिंट आणि मॉडेल हवंच, स्क्रीनवर दाखवलेलं फारसं धरत नाहीत. गटात आपल्या मुलांच्या वाट्याला आपोआप 'रेंडर आणि कॅड' येतं, कारण त्यात हात जलद चालतो. ते एका मर्यादेपर्यंत घ्या, आणि साइटचा सेक्शन स्वतःकडे मागून घ्या.

इतिहास आणि सिद्धांताच्या परीक्षा बऱ्याचदा तोंडी असतात. गुण ३० पैकी, पास १८ ला. प्राध्यापक इमारतीचं नाव घेतात आणि समोर कोरा कागद सरकवतात. पाठ केलेलं तिथे उपयोगी पडत नाही, प्लॅन काढता आला पाहिजे. इथला विद्यार्थी २४ मिळाले म्हणून नाराज होतो. तो गुण इथे कसा रूपांतरित होणार याचं कोष्टक लर्निंग ॲग्रीमेंटसोबतच ठरवून घेतलेलं असेल तर वाद उरत नाही.

निघण्याआधी तिकडच्या कार्यालयातून प्रत्यक्ष राहिल्याच्या तारखांचं प्रमाणपत्र सही-शिक्क्यासह घ्या. ट्रान्स्क्रिप्ट नंतर येते, आणि बऱ्याचदा थेट कॉलेजच्या ईमेलवर. तिथे ती कोणाच्या इनबॉक्समध्ये पडणार त्या व्यक्तीचं नाव विचारून ठेवा. मोजमापांची कच्ची पानं टाकून देऊ नका. ज्युरीत पक्क्या ड्रॉइंगवर शंका आली की तीच दाखवावी लागतात. ती ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि प्रत्येक फाइलच्या नावात इमारत, तारीख आणि पान क्रमांक टाका. खोलीचं डिपॉझिट परत मिळेपर्यंत तिकडचं बँक खातं बंद करू नका.